संशयाला पाट कोण मांडून देतं?

देवळाच्या उत्सवातली नाटकं बघत गोव्यात वाढलेल्या माणसाला ‘संशयकल्लोळ’ वेगळं सांगावं लागत नाही. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि ते नेमकं त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या नजरेला पडतं. रेवतीकडची तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर तिथेच पडते. ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि ती तसबीर न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. झालं! नवऱ्याचा बायकोवर संशय, बायकोचा नवऱ्यावर, आणि मंडपातली माणसं पोट धरून हसताहेत.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त तसबिरीच्या जागी रुमाल आहे. बायकोला दिलेला रुमाल परक्या पुरुषाच्या हातात दिसतो आणि नवरा बायकोला बिछान्यावर श्वास कोंडून मारतो. तिथे कुणी हसत नाही.

गंमत म्हणजे आपल्याकडे ही दोन्ही नाटकं एकाच लेखकाच्या हातून आली. गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 साली ‘ऑथेल्लो’ला मराठी वेश चढवून ‘झुंझारराव’ लिहिलं. पुढे मोलिएरचं फ्रेंच प्रहसन इंग्रजीतून त्यांच्यापर्यंत पोचलं, त्यावरून त्यांनी गद्य ‘फाल्गुनराव’ रचलं आणि 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने तेच ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आणलं. एकच दुखणं, एकच नाटककार. मग एकाचा शेवट भरतवाक्याने आणि दुसऱ्याचा प्रेतांनी, असं का?

ऑथेल्लो कानाचा हलका आणि डोक्याने तापट होता, हे उत्तर मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे. नाटक करणारी माणसंही तेच सांगतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते नाटकातूनच दाखवता येतं.

आधी माणूस कसा आहे ते बघू. ऑथेल्लो सात वर्षांचा असल्यापासून रणांगणावर आहे. व्हेनिसचं राज्य तुर्कांशी लढतं ते त्याच्या भरवशावर. पहिल्या अंकात मध्यरात्री सासऱ्याची माणसं तलवारी उपसून त्याच्या अंगावर येतात. तेव्हा तो आवाजही चढवत नाही. तलवारी म्यानात घाला, दव पडून गंजतील, एवढंच म्हणतो. या माणसाला तापट म्हणायचं तर शांत कुणाला म्हणायचं?

पण त्याच अंकात, राजसभेपुढे उभा राहिल्यावर तो आणखी एक वाक्य बोलतो. माझी भाषा ओबडधोबड आहे, मला गोड बोलता येत नाही, असं तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. आणि मग जे बोलतो त्याच्याइतकं देखणं भाषण त्या अंकात दुसऱ्या कुणाच्या तोंडी नाही! आपण हे वाक्य विनय म्हणून सोडून देतो. मला वाटतं, तो मनापासून बोलतोय. या सभेतल्या उमरावांसारखं आपल्याला बोलता येत नाही, ही बोच त्याच्या मनात आधीपासून आहे. त्याच्या मनात विष कालवणारा, त्याच्याच हाताखालचा इयागो अजून कामाला लागलेला नाही.

ही बोच कुठून आली हे गोव्यातल्या माणसाला समजायला जड जाऊ नये. ‘भायलो’ हा शब्द आपण रोज ऐकतो, कधी कधी वापरतोही. बाहेरून आलेला माणूस कामाचा असला की त्याला मान मिळतो, घरी जेवायला बोलावणं येतं. सोयरिकीचा विषय निघाला की मात्र तो कुठला, कुणाचा, हे सगळं निघतं. डेस्डिमोनाचा बाप ब्राबान्शिओ अगदी असाच वागतो. ऑथेल्लोला त्यानेच पुन्हा पुन्हा घरी बोलावलं, त्याच्या लढायांच्या गोष्टी मिटक्या मारत ऐकल्या. त्याच गोष्टी ऐकत त्याची मुलगी त्या काळ्या सेनापतीच्या प्रेमात पडली आणि तिने लग्न केलं, तेव्हा बापाचं म्हणणं काय, तर याने चेटूक केलं असणार. माझी मुलगी शुद्धीवर असती तर असल्या माणसाला तिने पत्करलंच नसतं.

ब्राबान्शिओ जाता जाता एक वाक्य टाकून जातो. हिने बापाला फसवलं, तुलाही फसवील. ऑथेल्लो तिथल्या तिथे उत्तर देतो की तिच्या निष्ठेवर मी माझा प्राण लावतो. इयागो बाजूलाच उभा आहे. तो काही बोलत नाही, पण वाक्य लक्षात ठेवतो.

आता तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश. या लेखातली निम्मी जागा मी या एका प्रवेशाला देणार आहे, कारण सगळं इथेच घडतं. प्रवेशाच्या सुरुवातीला ऑथेल्लोचं बायकोवर जीवापाड प्रेम आहे. प्रवेश संपतो तेव्हा तो गुडघे टेकून सूडाची शपथ घेतो आहे. मधे एक रात्रसुद्धा जात नाही.

इयागो या प्रवेशात आरोप करत नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. ऑथेल्लोचा दुय्यम अधिकारी कॅसिओ डेस्डिमोनाशी बोलून निघून जाताना दिसतो, तेव्हा इयागो स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणतो, हे काही मला बरं वाटलं नाही. काय म्हणालास? काही नाही, काही नाही. थोड्या वेळाने सहज विचारल्यासारखं विचारतो, तुमचं प्रेम जमत होतं ते कॅसिओला ठाऊक होतं का? ऑथेल्लो म्हणतो, हो, तोच आमच्यामध्ये निरोप नेत होता. असं का? मग ऑथेल्लो जे विचारेल त्यातला शेवटचा शब्द इयागो नुसता परत म्हणतो. प्रामाणिक आहे ना तो? प्रामाणिक, महाराज? तुला काय वाटतं? वाटतं, महाराज? शेवटी ऑथेल्लोच वैतागतो, की हा माझेच शब्द मला परत देतो आहे, जणू याच्या मनात दाखवू नये असं काहीतरी भयंकर दडलंय.

फोंडा महालातल्या एका हौशी मंडळाच्या तालमीला बसलो होतो तेव्हा हाच प्रवेश चालू होता. ऑथेल्लो करणारा पोरगा उंच, आवाज खणखणीत. इयागोच्या पहिल्या वाक्यालाच त्याने मुठी आवळल्या आणि डोळे मोठे केले. तालीम घेणारे म्हातारे मास्तर पेटीशेजारी बसले होते. तालमी कोकणीत आणि नाटक मराठीत ही तर आपली रीतच. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “मातसो वगी राव मरे!” म्हणजे जरा गप्प राहा रे. पोरगा थांबला. “मास्तर, पण त्याला राग आलाय ना?” “राग मागून येतो रे बाबा. आधी त्याला लाज वाटते. तू लाज दाखव, राग आपसूक येईल.” पोराने तोच भाग पुन्हा केला, या खेपेला इयागोकडे न बघता, आपल्याच हातांकडे बघत. मंडपात खुर्च्या मांडणारे दोघेजण हातातलं काम टाकून बघत राहिले. मास्तरांनी एका वाक्यात जे सांगितलं ते मला पुस्तकांत इतक्या सरळ कुठे सापडलं नव्हतं.

लाज कसली, तेही त्याच प्रवेशात आहे. इयागो म्हणतो, आमच्या मुलखातल्या बायकांची चाल मला ठाऊक आहे, नवऱ्यापासून काय लपवायचं ते त्यांना बरोबर कळतं. म्हणजे मी इथला, तू उपरा. तुला कसं कळणार? मग तो ब्राबान्शिओचं जपून ठेवलेलं वाक्य काढतो. तुमच्याशी लग्न करताना तिने बापाला फसवलंच की. पहिल्या अंकात याच वाक्यावर प्राण पैजेला लावणारा माणूस या वेळी म्हणतो, हो, तसं खरं.

आणि मग ती ओळ येते जिच्यावर सगळं नाटक तोललेलं आहे. ऑथेल्लो स्वतःच, कुणी न विचारता, अर्धवट बोलून जातो की तरीही, निसर्गच जर आपली वाट चुकला तर... वाक्य पुरं होत नाही. इयागो झडप घालतो. हां, हाच तर मुद्दा आहे! आपल्या मुलखाचे, आपल्या रंगाचे, आपल्या दर्जाचे किती वर आले होते तिला, ते सोडून तिने तुम्हाला... डेस्डिमोनाने आपल्यासारख्या माणसाला निवडणं हीच मुळात वाकडी गोष्ट आहे, हा विचार इयागोने दिलेला नाही. तो ऑथेल्लोच्या तोंडून निघाला. ब्राबान्शिओ बोलला होता ते आता त्याला स्वतःचं मत वाटू लागलं आहे.

इयागो जातो. एकटा उरलेला ऑथेल्लो कारणं मोजतो. मी काळा आहे म्हणून असेल. दरबारी लोकांसारखं गोड बोलणं मला येत नाही म्हणून असेल. वय उतरणीला लागलं म्हणून असेल, अगदीच काही म्हातारा नाही म्हणा. आणि लगेच निकाल. ती गेली, मी फसलो. या तिन्ही कारणांत डेस्डिमोना कुठे आहे? ती काय बोलली, कशी वागली, यातलं एकही कारण नाही. तिन्ही त्याची स्वतःबद्दलची आहेत.

रुमाल अजून पडलेलाही नाही! तो या स्वगतानंतर पडतो. निकाल आधी लागला आणि पुरावा मागाहून आला. म्हणून रुमालामुळे घात झाला म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. इयागोच्या हाती रुमाल लागला नसता तर त्याने दुसरं काही शोधलं असतं, कारण ऑथेल्लोला आता पुरावा हवाच होता.

आत्मशंकेचा आणि मत्सराचा सांधा इथे आहे. माझी लायकी नाही, असं ज्याला आतून वाटतं, त्याला मिळालेलं प्रेम हे कोडं होऊन बसतं. हिने मला का पत्करलं? कोडं सुटेपर्यंत चैन नाही. मत्सर त्या कोड्याचं उत्तर आणून देतो, की तिने तुला पत्करलंच नव्हतं. उत्तर भयंकर आहे, पण उत्तर आहे. नुसत्या संशयापेक्षा ते सोसायला सोपं जातं. बायको प्रामाणिक आहे असं वाटतं आणि नाही असंही वाटतं, तू खरा वाटतोस आणि खोटाही, असं ऑथेल्लो इयागोला सांगतो. ती ओळ वाचताना त्याची तगमग अंगावर येते.

शिवाय तो सेनापती आहे. रणांगणावर संशयात घुटमळणारा माणूस आपल्याबरोबर शेकडोंना घेऊन मरतो. एकदा शंका आली की तिथल्या तिथे निकाल लावायचा, ही सवय त्याच्या हाडात मुरलेली आहे आणि तो ते बोलूनही दाखवतो. ज्या गुणाने तो मोठा झाला तोच गुण घरात आला आणि त्याने बायको मारली. अॅरिस्टॉटलने शोकांत नाटकाचा नायक कसा असावा हे सांगताना म्हटलंय की तो संतही नसावा आणि दुष्टही नसावा, त्याच्या हातून चूक व्हावी आणि त्या चुकीने तो कोसळावा. शाळेत हे शिकवताना नायकाचा दोष शोधायला लावतात. ऑथेल्लोचा दोष शोधायला जावं तर हाताला त्याचे गुणच लागतात.

कर्ण आठवा. शस्त्रपरीक्षेच्या मंडपात अर्जुनाला आव्हान दिल्यावर कृपाचार्यांनी विचारलं ते कूळ. दुर्योधनाने अंगदेशाचं राज्य देऊन तोंड बंद केलं, पण तो प्रश्न कर्णाच्या मनातून गेला नाही. दशावतार आणि कीर्तनं ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे सांगायला नको. पराक्रमाला दाद आणि जन्मावरून टोमणा, हे दोन्ही एकाच तोंडाने ऐकलेला माणूस ऑथेल्लोच्या फार जवळचा.

रुमालाकडे परत येतो, कारण त्यातली एक गोष्ट लोक विसरतात. रुमाल डेस्डिमोना हरवत नाही. ऑथेल्लोचं डोकं दुखतंय म्हणून ती तो त्याच्या कपाळाला बांधायला जाते. तुझा रुमाल फार लहान आहे, म्हणत तोच तो बाजूला सारतो आणि रुमाल खाली पडतो. पुढे ज्या रुमालावरून तो आकाशपाताळ एक करतो, तो त्याच्याच हाताने पडला होता. इयागोची बायको एमिलिया तो उचलते आणि नवऱ्याला देते, कारण त्याने कित्येकदा मागितला होता. मग ऑथेल्लो बायकोला रुमालाची कहाणी सांगतो, की एका मिसरी बाईने तो माझ्या आईला दिला, त्यात जादू आहे, तो हरवला तर सर्वनाश. बिचारी घाबरते आणि म्हणते, हरवला नाही. खोटं बोलते. तिथून पुढे तिचं खरंही त्याला खोटं वाटतं.

मत्सर एकट्या ऑथेल्लोला झालेला नाही, हेही बघावं. इयागोला कॅसिओची बढती खुपते. ऑथेल्लोने एमिलियाशी संबंध ठेवला असावा असा संशयही त्याला आहे, आणि तोही पुराव्याशिवाय. पाचव्या अंकात तो कॅसिओबद्दल बोलून जातो की त्याच्या जगण्यात रोजचं असं एक सौंदर्य आहे की त्यापुढे मी कुरूप दिसतो. इयागोबद्दल इतकं खरं नाटकात दुसरं कुणी बोललेलं नाही. डेस्डिमोनाच्या मागे लागलेला रॉडरिगो जळतो, तोच रुमाल कॅसिओकडे बघून त्याची प्रेयसी बिआन्का जळते. ज्याला स्वतःचं उणेपण ठाऊक आहे त्यालाच दुसऱ्याचं उणेपण कुठे दुखतं ते कळतं. म्हणून इयागोचा नेम चुकत नाही. एमिलियाचं एक बोलणं इथे आठवतं. मत्सरी माणसाला कारण लागत नाही, तो मत्सरी असतो म्हणून मत्सर करतो.

आता फाल्गुनरावाकडे. तोही संशयीच, त्यालाही आपल्या वयाचं भान आहे. मग तिथे खून का होत नाही? देवलांच्या नाटकात माणसं सतत एकमेकांसमोर येतात, भांडतात, ओरडतात, जाब विचारतात. घोटाळा वाढतो, पण प्रत्येकाकडचा तुकडा कधी ना कधी दुसऱ्याच्या कानावर जातो, आणि सगळे तुकडे एका खोलीत आले की तसबिरीचा उलगडा होतो. ‘संशय खट झोटिंग महा’ असं भरतवाक्यात गायला सगळे जिवंत उरतात. ‘ऑथेल्लो’त इयागो हेच होऊ देत नाही. ऑथेल्लो कॅसिओला एकदाही समोर बसवून विचारत नाही. एमिलियाला विचारतो, ती शपथ घेऊन सांगते, तर हिचा शब्द कुंटणीचा म्हणून सोडून देतो. पाचव्या अंकात डेस्डिमोना मेल्यावर एमिलियाच्या कानावर रुमाल हा शब्द पडतो आणि काही ओळींत सगळं बाहेर येतं. रुमाल मला सापडला, मी नवऱ्याला दिला. एवढंच. हे वाक्य आदल्या दिवशी बोललं गेलं असतं तर नाटक प्रहसन झालं असतं. आणि लाज वाटणारा माणूस नेमकं हेच विचारू शकत नाही. कॅसिओला विचारायचं म्हणजे आपली भीती चारचौघांत उघडी करायची.

आपल्या घरचा सुधाकर जरा वेगळा. ‘एकच प्याला’तला हा वकील हुशार, स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला, आणि बायको श्रीमंताघरची. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते आणि तळीराम पहिला प्याला पुढे करतो. दारूचं नाटक म्हणून आपण ते बघतो. मला त्यात आधी दिसतो तो सासरच्या पैशापुढे ताठ राहण्यासाठी धडपडणारा माणूस. सिंधूने माहेरचं काही घेऊ नये हा त्याचा हट्ट अभिमान म्हणून खपतो. ज्याचा स्वतःवर भरवसा आहे त्याला इतका हट्ट करावा लागत नाही. तळीराम इयागोइतका कारस्थानी नाही, पण दुखरी जागा त्यालाही बरोबर सापडते.

शेवटचं भाषण राहिलं. त्यावर जाणकारांचं कधी एकमत झालं नाही. इंग्रज समीक्षक ए. सी. ब्रॅडली यांनी 1904 साली लिहिलं की ऑथेल्लो उदात्त आहे, स्वभावाने मत्सरी नाहीच, त्याला भरीस घातलं गेलं. दुसरे समीक्षक एफ. आर. लीव्हिस यांनी 1937 साली ते खोडून काढलं. त्यांच्या मते तो स्वतःवरच भाळलेला आहे, इयागो निमित्तमात्र. मला दोघांचंही अर्धं पटतं. इयागोला फार खणावं लागलं नाही, हे लीव्हिस बरोबर सांगतात. पण स्वतःवर भाळलेल्या माणसाला आपण काळे, म्हातारे, बोलता न येणारे असं वाटत नाही. मोठेपणाचा तो देखावा आतली धाकधूक झाकण्यासाठी आहे.

त्या भाषणात ऑथेल्लो म्हणतो, माझ्याबद्दल जसं आहे तसं लिहा, सहज मत्सर न करणारा पण भरीस घातल्यावर पार गोंधळलेला असा मी होतो. आणि एक जुनी गोष्ट सांगतो. अलेप्पोत एक तुर्क एका व्हेनिसच्या माणसाला मारत होता, राज्याची निंदा करत होता. मी त्याचा गळा धरला आणि असा वार केला. असं म्हणत तो स्वतःच्या अंगात शस्त्र खुपसतो. व्हेनिसचा रक्षकही तोच आणि मारला जाणारा परकाही तोच. व्हेनिसहून आलेला उमराव लोडोविको हे सगळं व्हेनिसला कळवणार हे त्याला ठाऊक आहे. म्हणून, जिला मारलं ती शेजारी पडलेली असताना तो बोलतो ते राज्याशी. ही कैफियत संपल्यावरच्या दोन ओळी तेवढ्या डेस्डिमोनाच्या वाट्याला येतात.